आधी ठाकुरजी

फोन आला तेव्हा मी जयपूरच्या सी-स्कीममधल्या आमच्या बँकेत एका गिऱ्हाइकाला हसवत होतो. बिचाऱ्याचं पासबुक हरवलं होतं, तोंड रडवेलं झालं होतं, आणि मी त्याला सांगत होतो की आमच्या कोल्हापुरात एका म्हशीने अख्खं पासबुक खाल्लं आणि दुसऱ्या दिवसापासून ती व्याजासकट दूध देऊ लागली. तेवढ्यात मोबाईल वाजला. दिगूचा नंबर. दिगूचा सकाळचा फोन म्हणजे ठाकुरजींचं काहीतरी संपलेलं असणार... खडीसाखर, नाहीतर कापूर, नाहीतर तुळस. मी ओरडलोच, "बोल, काय पाहिजे तुझ्या देवाला?" पलीकडे नलिनीवहिनी होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, यांचं सगळं संपलं. आत्ताच. हॉस्पिटलच्या दारातच." आणि मी काय म्हणालो असेन? "असं कसं? रविवारी आम्हाला कानोत्याला जायचंय!" म्हणालो, आणि तेही बँकेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. जणू रविवारचा बेत ठरलेला असला की माणसाला मधेच मरायची परवानगी नसते. आज काही आठवडे झाले, तरी माझं डोकं त्याच वाक्यावर अडकून बसलंय. असं कसं?

मी थापाड्या आहे हे या पुरवणीच्या वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा पुढे जिथे हसू येईल तिथे निम्मं कमी करून घ्या. बाकीचं मात्र जसं घडलं तसं आहे, त्याला हात लावायची माझी छाती नाही.

दिगंबर जोशी मूळचा मिरजेचा, विमा कंपनीत अधिकारी. बदलीवर तो आणि मी एकाच वर्षी जयपूरला आलो आणि सोडाल्यात एकाच गल्लीत समोरासमोर बिऱ्हाडं केली. आम्ही येऊन आठवडाही झाला नव्हता. आमच्या स्वयंपाकघरात तांबडा रस्सा उकळत होता आणि गल्लीतली निम्मी माणसं खोकत होती. दारात एक किडकिडीत, चष्मेवाला गृहस्थ उभा. "माफ करा, आपण कोल्हापूरचे का?" मी म्हटलं, "कसं ओळखलंत?" डोळे पुसत म्हणाला, "हे काय, पाणी आलं की." त्या दिवशी तो जेवायला बसला तो उठेचना. जन्माने जोशी, पण भुकेने अस्सल आमच्यातला. नळी फोडायचा तर आवाज थेट आमेरच्या किल्ल्यावर जायचा आणि तिथले हत्ती बिचकायचे. घरी वहिनींचा स्वयंपाक शाकाहारी, म्हणून आम्ही दर रविवारी स्कूटरवर पातेलं बांधून कानोत्याच्या बांधावर जायचो, तीन दगड मांडायचो आणि शिजवायचो. त्या धरणातले मासे आमच्या रश्श्याच्या वासाने काठावर येऊन बसायचे असं मी सगळ्यांना सांगतो. दिगू कधी नाही म्हणाला नाही. उलट म्हणायचा, "बसायचे नाहीत, रांग लावायचे." असा मित्र पुन्हा कुठून आणू?

अशाच एका रविवारी आम्ही निघालो होतो. दिगू स्कूटरवर, डिकीत दोन किलो मटण, मी मागे पातेलं मिठीत धरून. फाटकात दिगूच्या घरमालकीण माँजी उभ्या. सत्तरीच्या, एकट्या, आयुष्यभर आपल्या लड्डू गोपाळाची सेवा केलेल्या. जयपूरमध्ये अशी घरं गल्लोगल्ली आहेत, जिथे पितळेचा वीतभर बाळकृष्ण हा घरातला सगळ्यात धाकटा आणि सगळ्यात मोठा माणूस असतो. त्याला उठवायचं, न्हाऊ घालायचं, कपडे घालायचे, भरवायचं, झोपवायचं. त्याच्या आधी घरात कुणी घास घेत नाही आणि त्याला घरात एकटं टाकून कुणी गावाला जात नाही. माँजींच्या हातात टोपली होती, टोपलीत ठाकुरजी. अहमदाबादला मुलाकडे डोळ्याच्या ऑपरेशनला निघाल्या होत्या.

"जोशीजी, दो-चार दिन की बात है. आप तो ब्राह्मण हैं. आपके यहाँ तो प्याज-लहसुन भी नहीं आता होगा."

डिकीकडे पाहायची माझी हिंमत होईना. मी पातेल्यावरचं झाकण घट्ट दाबून धरलं, जणू त्यातून काहीतरी बेंऽऽ करणार होतं. जोशी आडनाव ऐकून सोवळं गृहीत धरायचं ही त्या बाईंची चूक, आणि एवढ्या म्हाताऱ्या माणसाला फाटकात उभं राहून नाही कसं म्हणायचं ही दिगूची अडचण. त्याने स्कूटर स्टँडवर लावली, नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, आणि टोपली घेतली. वर गेला तो अर्ध्या तासाने खाली आला. म्हणाला, "शिंद्या, तू जा."

"आणि तू?"

"त्याला अकराला भोग लागतो म्हणे. नैवेद्य."

त्या दिवशी दोन किलो मटण मी एकट्याने खाल्लं. दुःखाने खाल्लं, पण खाल्लं.

माँजी परत आल्याच नाहीत. ऑपरेशन नीट झालं, पण तिकडेच त्या पडल्या, आणि दोन-तीन महिन्यांत गेल्या. मुलाचा फोन आला, "माँ कह गई हैं, ठाकुरजी जोशीजी के यहाँ ही रहेंगे. वहाँ खुश हैं." खुश आहेत हे अहमदाबादेत बसून त्यांना कसं कळलं, देवच जाणे. आणि दिगू जोशी, जो लग्नात सप्तपदीच्या वेळी भटजींना "जरा आवरतं घ्या, पंगत थांबलीय" म्हणाला होता, तो माणूस त्या दिवसापासून पहाटे उठून, टाळी वाजवून, एका पितळेच्या पोराला जागं करू लागला.

मी आधी खूप हसलो. मग रागावलो. मग पाहत राहिलो. दिगूचं आयुष्य आमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच कुणीतरी शिवायला घेतलं होतं. घरातून कांदा गेला, लसूण गेला. थंडीत ठाकुरजींना लोकरीची टोपी आणि इवलासा हीटर, उन्हाळ्यात वाळ्याचा पडदा आणि बोटभर पंखा. आंघोळीचं पाणी कोमट आहे का ते दिगू कोपराने बघायचा, जसं बाळंतिणीच्या खोलीत बघतात. दुपारी त्यांची झोप, म्हणून सुट्टीच्या दिवशी घरात रेडिओ बंद. मी गेलो की ओठांवर बोट. "हळू बोल शिंद्या, झोपलाय." मला सांगतोय! माझी कुजबुज अजमेरच्या स्टेशनवर घोषणा समजून माणसं गाडी बदलतात. गावाला जायचं तर ठाकुरजी बरोबर, खालचा बर्थ त्यांना. एकदा टीसीने विचारलं, "यह सीट किसकी है?" दिगूने टोपलीवरचा पडदा बाजूला केला. टीसीने टोपी काढली, हात जोडले आणि पलीकडच्या डब्यात विनातिकीट बसलेल्या चौघांनाही दंड न करता सोडून दिलं. (हे निम्मं करा म्हटलं ना.)

पण एक गोष्ट निम्मी करू नका. दिगू पूर्वी तापट होता. मुलावर, निखिलवर, असा ओरडायचा की आमच्या घरातली भांडी हलायची. त्या घरात कुणीतरी सतत झोपलेलं किंवा जेवत असायचं म्हणून त्याचा आवाज जो खाली आला तो कायमचा. ऑफिसातसुद्धा शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांशी असा बोलायचा, जणू शेजारच्या खोलीत पाळणा आहे. आणि कानोत्याला आम्ही जातच राहिलो, फक्त पातेल्याऐवजी टोपली आली, आणि मटणाऐवजी पोहे, तेही बिनकांद्याचे. बिनकांद्याचे पोहे मी मैत्रीखातर सहा-सात वर्षं खाल्ले, हे माझ्या चितेवर लिहून ठेवा.

बांधावर एकदा मी त्याला विचारलं होतं, "दिग्या, आईशप्पथ सांग. तो खातो?"

"नाही रे."

"मग हे सगळं कशाला?"

त्याने टोपलीवर ऊन येत होतं तिकडे पडदा ओढला. मग म्हणाला, "कशाला ते सांगता येत नाही. पण त्याच्या आधी खाल्लं ना, तर घास इथून खाली जात नाही आता." आणि गळ्यावर हात ठेवला.

टोपली आल्यापासून नलिनीवहिनीही बांधावर यायच्या, तेव्हा शेजारीच पोहे वाढत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. आता आठवतं, त्या कधीच काही बोलल्या नव्हत्या. माँजींनी विचारलं दिगूला, टोपली घेतली दिगूने. पण चूल वहिनींची होती. भोग त्या रांधायच्या, दिगू दाखवायचा. आधी ठाकुरजी, मग दिगू, आणि दोघांची ताटं उचलली की मग त्या. त्या कशा जेवतात हे मी इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही, हे त्यांच्या घरी, त्या दिवशी, एकदम माझ्या लक्षात आलं.

त्या दिवशी. मी बँकेतून कसा पोचलो ते आठवत नाही. बाहेरच्या खोलीत दिगूला खाली निजवलं होतं. हातभर अंतरावर देवघर, त्यात ठाकुरजी, पिवळा पोशाख, डोळ्यांत काजळ, गळ्यात ताजी तुळस. नटूनथटून बसलेले. मला ते दोघं एका नजरेत दिसले. आणि माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की इतकं नीट आज कुणी सजवलं?

वहिनींनी तो ओळखला असावा. त्या रडत नव्हत्या. बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तशा आवाजात त्यांनी सांगितलं. "उठल्या उठल्याच म्हणाले, छातीत जड वाटतंय, डावा हात दुखतोय. मी म्हटलं, चला, आत्ता रिक्षा बोलावते. म्हणाले, याचं उरकू दे. आंघोळ घालतो, भोग दाखवतो, मग जाऊ. मी म्हटलं, मी करते याचं. तर म्हणाले, तू शिरा टाक, मी तोवर न्हाऊ घालतो. घाम असा गळत होता भाऊजी, एवढ्या थंडीत. हात थरथरत होता म्हणून काजळ दोनदा पुसून पुन्हा घातलं. भोग ठेवला, पडदा ओढला, आणि त्याचं खाऊन होईपर्यंत भिंतीला टेकून बसून राहिले. मग पडदा काढून, आचमन देऊन म्हणाले, चल आता. स्वतः पाणीसुद्धा प्यायले नाहीत."

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"म्हणाले, तासाभरापूर्वी का नाही आणलं?"

मी देवघराकडे पाहिलं. वीतभर पितळ, आणि त्यावर ते हसू. मी आयुष्यात इतक्या थापा मारल्या, राक्षस मारले, वाघ पळवले, पण अशी गोष्ट रचायची माझीसुद्धा प्राज्ञा नाही. एक शहाणासुरता माणूस, दुसऱ्यांच्या जिवाचा विमा उतरवणारा, आपला जीव हातात धरून एका पितळेच्या बाहुल्याच्या डोळ्यांत काजळ घालत बसतो... मला अजूनही हे कळत नाही. रागाने कळत नाही, भक्तीने कळत नाही.

दुपार कलता कलता निखिल पुण्याहून विमानाने आला. जयपूरला वाढलेला पोरगा, आता तिकडे कंपनीत आहे. बापाच्या पायांवर डोकं ठेवून रडला, आणि वर मान केली तेव्हा गल्लीतल्या बायका कुजबुजत होत्या. घराला सुतक, म्हणजे आता या घरातलं कुणी ठाकुरजींना हात लावू शकत नाही, आणि राजभोगाची, म्हणजे दुपारच्या नैवेद्याची, वेळ तर टळून गेली. निखिल गोंधळून म्हणाला, "आई, मतलब... आता ह्यांना कोण बघणार?" मला वाटलं कुणी मंदिराचं नाव घेईल, कुणी पलीकडच्या शर्माजींचं. वहिनी म्हणाल्या, "शिंदे भाऊजी नेतील."

"वहिनी, आमच्या फ्रिजमध्ये अंडी आहेत!" मी भर प्रेतापाशी ओरडलो.

"मग काढा," त्या म्हणाल्या.

अशा रीतीने जिवलग मित्राच्या अंत्ययात्रेआधी मी टोपली घेऊन गल्ली ओलांडली. आमच्या हिने डोळे पुसत पुसत अंडी शेजारी दिली, ओटा धुतला, पुन्हा धुतला. मग सुतक फिटेपर्यंत ठाकुरजी आमच्याकडे. मी त्यांची सेवा केली ती एखाद्या कैद्याला जेवण सरकवावं तशी. पहाटे टाळी वाजवायचो ती थोबाडीत मारल्यासारखी. "उठा, साहेब. ज्याने तुम्हाला उठवायचं तो उठणार नाहीये." पाणी कोमट करायचो, कारण दिगूने केलं असतं. पोशाख उलटा घालायचो, पुन्हा सरळ करायचो. भोग ठेवून पडदा ओढला की मी तिथेच फतकल मारून पडद्याला विचारायचो, "त्या दिवशी थोडं लवकर खाता आलं नाही का रे तुला?" ही आतून म्हणायची, "अहो, देवाशी असं बोलतात का?" मी म्हणायचो, "देवाशी नाही, दिग्याच्या पोराशी बोलतोय." माझ्या घरी माझं बोलणं ऐकून न हसणारा हा पहिलाच पाहुणा. हसत तर होता म्हणा, पण माझ्या बोलण्याला नव्हे.

तेरावा झाला. वहिनींचं ठरलं, निखिलबरोबर पुण्याला कायमचं जायचं. आणि ठाकुरजींचं काय, यावर गल्लीत मतांचा पूर आला. मंदिरात द्या. नदीत सोडा. शर्मा भाभी म्हणाल्या, "जिसने सेवा की, वही चला गया, अब रखना ठीक नहीं." निखिल मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, मला भीती वाटते. आई त्यांना घेऊन गेली तर रोज त्यांना बघून तिला पप्पाच आठवणार, ती सकाळच आठवणार. आणि नाही नेलं तर... मतलब, पप्पांनी जान दिली ना ह्यांच्यासाठी." पोराचं म्हणणं खरं होतं, दोन्हीकडून खरं होतं. वहिनींना विचारायची कुणाची छाती होईना, म्हणून ठाकुरजी आमच्याकडेच राहिले. निघायच्या सकाळी त्या स्वतः आमच्या दारात आल्या, "आणा त्याला," म्हणाल्या, एवढंच. टोपली हातात घेतली, पण आत पाहिलं नाही.

स्टेशनवर मी सोडायला गेलो होतो. गाडी लागलेली, सामान चढलेलं, टोपली खिडकीजवळच्या खालच्या बर्थवर. सुटायला अवकाश होता. सकाळपासून सामानसुमानाच्या गडबडीत ठाकुरजींचा भोग राहिला होता, आणि अर्थातच वहिनींच्या पोटातही काही नव्हतं. निखिलने पेढ्यांचा पुडा काढला आणि टोपलीकडे सरकवला. वहिनींनी तो बाजूला ठेवला. म्हणाल्या, "तो समोरचा कचोरीवाला आहे ना, त्याच्याकडून एक घेऊन ये. कांद्याची."

निखिलला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "आई, प्याजवाली? आणि आधी ठाकुरजींना..."

"मला माहीत आहे. जा."

तो गेला, आणि पानात गरम कचोरी घेऊन आला. जयपूरची कांद्याची कचोरी म्हणजे तळहाताएवढी, तेल सुटलेली, वास असा की पलीकडच्या फलाटावरची माणसं माना वळवतात. यात एक अक्षर जास्तीचं नाही. वहिनींनी टोपलीवरचा पडदा सरकवला. ठाकुरजींच्या समोर, त्यांच्याकडे बघत, त्या कचोरी खाऊ लागल्या. घाई नाही, चोरटेपणा नाही. तुकडा मोडायचा, फुंकर घालायची, तोंडात टाकायचा, नीट चावायचा. पहिला घास गिळताना त्यांचा हात आपोआप गळ्याशी गेला. तो घास खाली उतरला. मग दुसरा. मी खिडकीचे गज धरून बाहेर उभा होतो. त्या बाईला पोटभर जेवताना मी पहिल्यांदा पाहत होतो. तिसऱ्या की चौथ्या घासाला त्यांच्या डोळ्यांतून धार लागली, कचोरी तिखट होती म्हणून म्हणा, आणि ती त्यांनी पुसली नाही, खाणंही थांबवलं नाही. निखिल दारात दगडासारखा उभा. शेवटचा चुरासुद्धा त्यांनी बोटाने टिपून खाल्ला.

मग त्यांनी बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली, खिडकीतून हात बाहेर काढून कोपरापर्यंत धुतले, माझे बूट भिजवले. पदराला हात पुसले. पुड्यातला एक पेढा काढला, त्यावर तुळशीचं पान ठेवलं, आणि टोपलीत ठेवून म्हणाल्या, "घे. आता तू."

पडदा ओढून घेतला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "यांना हे मी त्या दिवशी सांगायला हवं होतं. आधी तुम्ही चला, मग त्याचं बघू. तो थांबला असता हो. त्याला कुठे घाई होती?"

गाडी हलली तेव्हा ठाकुरजी जेवत होते.